सी लायनसाठी धावलेल्या सगळ्यांना थँक्यू

२०२५ च्या वसंतात साउथ कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आजारी सी लायनना, म्हणजे सीलसारख्या समुद्री प्राण्यांना, वाचवायला जे व्हॉलंटियर धावत होते त्यांना मनापासून थँक्यू म्हणायचंय, नावं कुणाचीच माहीत नाहीत. समुद्रात एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ वाढलं की डोमोइक अ‍ॅसिड नावाचं विष तयार होतं, ते अँचोव्ही-सार्डिनच्या पोटात जातं आणि ते मासे खाल्ले की सी लायनच्या मेंदूवरच परिणाम होतो, झटके येतात, मान सारखी हलत राहते, बिचाऱ्यांना काही कळत नाही. आमच्या बीचवर अशीच एक मादी पडली होती. तुम्ही आलात, लोकांना लांब उभं केलं, कुत्र्यांना पट्टे लावायला सांगितलं, आरडाओरडा नाही काही नाही, फळ्या आडव्या धरून हळूहळू तिला पिंजऱ्यात घेतलं. आणि ज्या आजींनी माझ्या मुलीला प्रेमाने समजावलं की अंगावर पाणी ओतायचं नाही, समुद्रात परत ढकलायचं नाही, आजारी सी लायन आरामालाच बाहेर येतात, त्यांचे तर खास आभार! सगळे जगत नाहीत हे माहितीये, तरी तुम्ही नोकऱ्या सांभाळून, एक पैसा न घेता रोज जाता. फोन उचलणारे, मासे चिरणारे, पिंजरे धुणारे, सगळ्यांचेच खूप खूप आभार.