रुग्णसेवा गटातील सदस्यांना सूचना: औषधं तपासून घ्या

रामराम मंडळी. यावल-रावेरकडून जळगावला पेशंटसोबत जाताना घरातली सगळी औषधं, काढे-चूर्णंसुद्धा, पिशवीत घालून न्या. नुसतं "ती पांढरी गोळी" म्हटल्याने डॉक्टरांना काही कळत नाही. गोळी घेण्याआधी पेशंटचं पूर्ण नाव सांगा. एकाच वॉर्डात चार पाटील आणि तीन चौधरी सहज निघतात.

इन्सुलिनचं मात्र फार जपा. बाटली ४० युनिटची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असेल तर सिरिंज लाल टोपणाची, १०० ची असेल तर केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलं तर डोस अडीचपट जातो आणि साखर झपकन उतरते. माझ्या आईच्या वेळी हे सुई टोचण्याआधी लक्षात आलं, अजूनही आठवलं की धडधडतं. शंका आली तर सिस्टरांना बिनधास्त विचारा, त्या रागावत नाहीत.