दोर तुटला, पण बापलेकांचं नाव कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आल्प्समधल्या, स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या मॅटरहॉर्न शिखरावरचा लेख वाचला, फोटो तर एकदम झकास, पण "१४ जुलै १८६५ ला एडवर्ड व्हिम्परने शिखर सर केलं" एवढ्यावर विषय आटपलात ते काही पटलं नाही. अहो, एकटा थोडीच गेला होता तो! सात जण होते. व्हिम्पर, हडसन, हॅडो, लॉर्ड डग्लस हे चार साहेब, फ्रान्समधल्या शामोनीचा गाईड मिशेल क्रो आणि डोंगराच्या पायथ्याच्या झरमॅट या स्विस गावचे गाईड टाऊगवाल्डर बापलेक, दोघांचंही नाव पीटर. जिवंत खाली आले ते तिघंच, व्हिम्पर आणि हे बापलेक.

हॅडो १९ वर्षांचा, अगदी नवखा, उतरताना क्रो त्याचे पाय हाताने धरून एकेक खाचेत ठेवून देत होता म्हणजे बघा. सगळे एकमेकांना दोराने बांधलेले. हॅडो घसरला तो थेट क्रोवर आदळला, पाठोपाठ हडसन आणि डग्लस ओढले गेले, थोरल्या पीटरने पाय रोवले, पण दोर त्याच्या नि डग्लसच्या मधेच तुटला आणि चौघं उत्तरेच्या कड्यावरून गेले. डग्लसचा तर देह आजपर्यंत सापडला नाही.

तो दोर झरमॅटच्या म्युझियममधे काचेत ठेवलाय. दोन वर्षांपूर्वी पोराकडे गेलो होतो तेव्हा पाहिला. आपण कपडे वाळत घालायला बांधतो त्याहून थोडाच जाड असेल, टोकाचे धागे पिंजलेले. ४,४७८ मीटरच्या डोंगरावर माणसं याच्या भरवशावर, मी तर काचेला नाक लावून बघतच राहिलो. बरोबर नेलेल्या दोरांपैकी नेमका सगळ्यात कच्चा तिथे बांधला गेला होता.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) लोकांनी थोरल्या पीटरवरच आळ घेतला की यानेच दोर कापला. झरमॅटला चौकशी झाली, त्यात तो सुटला, दोर कापल्याचं व्हिम्परनेही नाकारलं, पण हा कच्चा दोर पीटरने बांधलाच कशाला ही शंका मात्र त्याने लिहून ठेवली. मग कुजबुज थांबतेय कशाला!

इटलीच्या बाजूने तीनच दिवसांनी चढलेल्या कॅरेलचंही नाव लेखात नाही, पण ते एक वेळ सोडा. या बापलेकांची नावं मात्र पुढच्या अंकात छापाच, आणि छापताना थोरला-धाकटा असं वेगळं लिहा, नाहीतर दोन पीटरचा एकच होऊन जाईल.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली