स्मृतिभ्रंश आणि दाराचा भोंगा

महोदय,

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण हरवल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा तो दार उघडतानाच कळलेले बरे. त्यासाठी काहीशे रुपयांचा चुंबकी दार-अलार्म, म्हणजे चुंबक दूर जाताच वाजणारा भोंगा, पुरतो. चौकटीवर भोंगा, दाराच्या फळीवर चुंबक, दोहोंत फार तर १ सेंटिमीटर अंतर. लोखंडी सुरक्षा-दारावर चुंबकाचा जोर कमी पडतो. तिथे चुंबकाखाली लाकडाची पट्टी द्यावी. पावसाळ्यात लाकडी दार फुगून नीट लागत नाही, भोंगा उगाच वाजत राहतो, कंटाळून घरचेच तो बंद करतात आणि तिथेच घात होतो. कानाशी कर्कश आवाज झाला तर रुग्ण बिथरतो. म्हणून बिनतारी प्रकार घेऊन घंटा काळजी घेणाऱ्याच्या खोलीत ठेवावी.

रुग्ण कुठे आहे ते दाखवणाऱ्या जीपीएस घड्याळाचे कौतुक जरा जास्तच होते. बहुतेक घड्याळे रोज-दोन दिवसांनी चार्ज करावी लागतात, इमारतीत ठिकाण चुकते, २जी घड्याळात फक्त ४जी नेटवर्कचे सिम चालत नाही. शिवाय अनेक रुग्ण ते काढूनच ठेवतात! सदऱ्याच्या आतून शिवलेली फोन नंबरची पट्टी स्वस्त आणि भरवशाची.

माणूस हरवलाच तर लगेच ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. चोवीस तास थांबण्याचा कोणताही नियम नाही.

— एक वाचक, पुणे