शनिवारच्या उड्डाणापूर्वी

नाशिक रोड,
रविवार, रात्री

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवरचे आपले बोलणे मध्येच तुटले. त्यानंतर तुझी आई बराच वेळ माझ्याशी बोलली नाही आणि मग एवढेच म्हणाली की, लेकीचे जवळचे माणूस गेले आहे आणि तुम्ही तिला नियम सांगत बसलात. म्हणून शनिवारच्या फॉर्मेशनविषयी, म्हणजे काकांना मानवंदना म्हणून तुम्ही विमाने जवळजवळ उडवणार आहात त्याविषयी, एक अक्षरही लिहिणार नाही असे तिला कबूल करून मी हे पत्र लिहायला बसलो आहे. दादा सकाळी पानांचे फोटो काढून तुला पाठवील.

तुमच्या हँगरमधल्या वैमानिक काकांच्या असे विमान अपघातात जाण्याने आम्हा दोघांनाही फार वाईट वाटले, हे फोनवर सांगायचे राहूनच गेले. आम्ही तुझ्याकडे अमेरिकेत विचिटाला आलो होतो तेव्हा जूनमधली गव्हाची कापणी चालू होती, आणि त्यांनी मला आपल्या छोट्या सेसना १७२ विमानात उजव्या सीटवर बसवून ती शेते वरून दाखवली होती. मला इंग्रजी बेताचे आणि त्यांना मराठीचा गंध नाही, तरीही उड्डाणापूर्वी ते चेकलिस्टमधली एकेक ओळ मोठ्याने वाचत होते आणि त्या त्या खटक्याला बोट लावून पाहत होते, तेव्हा ते काय करत आहेत हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आम्हीही रेल्वेच्या इंजिनात सिग्नलचा रंग असिस्टंटला मोठ्याने पुकारून सांगत असू आणि त्याच्या तोंडून तोच पुन्हा ऐकत असू. त्या दिवशी उतरल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो होतो की, आपली मुलगी चांगल्या माणसांत आहे.

म्हणूनच तू सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक लागली. अपघाताच्या संध्याकाळीच तुमच्या हँगरमध्ये चर्चा सुरू झाली की, टेकऑफनंतर इंजिन बंद पडले असणार, काका धावपट्टीकडे परत वळले असणार, आणि एवढ्या कमी उंचीवर तसे वळायचे नसते, समोर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरायचे असते, हे शिकाऊ मुलालाही ठाऊक असते. तुझा आवाज तेव्हा कापत होता. अगं, तुमच्याकडे अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीचा प्राथमिक अहवाल यायलाच साधारण महिना लागतो आणि अंतिम अहवालाला वर्ष ते दोन वर्षे. त्यातही संभाव्य कारण सांगणे एवढेच त्यांचे काम असते, दोषी ठरवणे नव्हे. मग तुमच्यातल्या जाणत्या माणसांना एका संध्याकाळीसुद्धा थांबता का येऊ नये? मला वाटते, ती माणसे निर्दय नाहीत, ती घाबरलेली आहेत. ‘मी असे केले नसते’ हे वाक्य स्वतःला ऐकवल्याशिवाय त्यांना पुढच्या आठवड्यात विमानात बसता येणार नाही. मात्र त्या वाक्याची किंमत काकूंनी मोजावी, हे योग्य नव्हे.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. तू शाळेत होतीस तेव्हाची गोष्ट आहे. कसाऱ्यापलीकडे एक तरुण मुलगा माझ्या इंजिनासमोर आला. मी हॉर्न दिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, परंतु भरलेली गाडी थांबायला जे अंतर लागते ते लागतेच. पुढच्या स्टेशनात मेमो दिला आणि गाडी पुढे नेली, कारण मागे हजार-बाराशे माणसे बसली होती. इगतपुरीला ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममध्ये पोहोचलो तेव्हा भेटेल तो प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, हॉर्न दिला होतास ना? त्यांना माझी काळजीच होती, चौकशीत काय विचारतील याची. पण प्रत्येक वेळी ‘दिला होता’ म्हणताना माझा घसा कोरडा पडत होता. एक जुने ड्रायव्हर तेवढे काहीच न विचारता माझ्याशेजारच्या खाटेवर येऊन बसले. त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली, आणि पहाटे ड्यूटीसाठी उठवणारा कॉलबॉय आला तेव्हा माझ्याऐवजी तेच उठून त्याच्याशी बोलले. त्यांच्या गाडीखालीही कोणी आले होते का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. तुझ्या आईलाही मी ही भाकरीची गोष्ट कालच, आपला फोन झाल्यावर सांगितली.

तर मनू, काकूंकडे जा. जाऊन काय बोलायचे याची चिंता करू नकोस. आज त्यांच्याकडे खाण्याचे डबे येत असतील, पण पुढच्या महिन्यात कोणी येणार नाही, तेव्हाही जा. त्यांची गाडी धुऊन आण, औषधे आणून दे, हँगरमधले काकांचे सामान आवरायचे असेल तर ते एकट्या काकूंना करू देऊ नकोस. तपास अधिकारी जे शब्द वापरतील ते त्यांना कळणार नाहीत आणि लाजेमुळे त्या विचारणारही नाहीत. त्या वेळी शेजारी वैमानिक असलेले एखादे माणूस बसलेले हवे. काकांचे लॉगबुक तपासासाठी गेले असेल तर कधीतरी परत येईल. त्यातली लघुरूपे तूच वाचू शकतेस, तेव्हा ते काकूंना वाचून दाखव. कोणत्या तारखेला ते कुठे गेले होते, सोबत कोण होते, हे त्यांना ऐकायला आवडेल, आणि त्यात तुझेही नाव सापडेल. आणखी एक, शेवटच्या क्षणी रेडिओवर त्यांचा जो आवाज टिपला गेला, तो एकमेकांना पाठवला जात आहे असे तू म्हणालीस. तू तो ऐकू नकोस, पुढे पाठवू नकोस, आणि काकूंच्या फोनवर तो पोहोचू नये यासाठी त्यांच्या मुलांशी बोलून ठेव.

त्या प्रशिक्षकांकडे कोणी गेले आहे का? दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत जो फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे उडण्याची उजळणी, करून घ्यावा लागतो, तो काकांचा त्यांनीच करून सही केली होती, असे तू ओझरते बोललीस. आणि विमानाच्या वार्षिक तपासणीच्या कागदावर ज्या मेकॅनिकची सही आहे, ते? ही दोन माणसे आज घरात बसून आपापली सही पुन्हा पुन्हा आठवत असतील. काकूंना भेटायला शंभर जण जातील, पण या दोघांच्या दारात जायला प्रत्येकाला अवघड वाटेल, कारण तिथे गेले म्हणजे आपण काही ठरवून आलो आहोत असे दिसेल. तू जा. कारणाचा विषय काढू नकोस. चहाला बस आणि ये.

मी पुन्हा उपदेश करू लागलो आहे, हे मला कळते आहे. तुझ्या गावातल्या तुझ्या माणसांशी कसे वागावे, हे नाशिक रोडला बसून तुला शिकवण्याचा माझा हेतू नाही. राग मानू नकोस.

पण काल तू मला १९२९ च्या डर्बीचा दाखला दिलास, त्याचे उत्तर देणे मला भाग आहे. तू म्हणालीस की, सँटा मोनिका ते क्लीव्हलँड या स्त्रियांच्या पहिल्या हवाई शर्यतीत दुसऱ्याच दिवशी मार्व्हेल क्रॉसन ॲरिझोनात कोसळून गेली, शर्यत थांबवा म्हणून बाहेरून ओरड झाली, आणि तरी बाकीच्या स्त्रिया उडतच राहिल्या, विचिटालाही उतरल्या, आणि विचिटातच बनलेल्या विमानातून लुईझ थेडन पहिली आली. मग मी का थांबायचे? मी दादाला सांगून ती सगळी हकीकत काढून घेतली आणि रात्री दोनदा वाचली. त्या बायकांचे धैर्य पाहून मलाही अभिमान वाटला. मात्र पुढचे तू सांगितले नाहीस. शर्यत संपल्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, २ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर एका हँगरमध्ये सव्वीस वैमानिक स्त्रिया जमल्या, आणि ज्या नाइंटी-नाइन्सची तू सभासद आहेस ती संघटना तिथे सुरू झाली. त्या वेळी अमेरिकेत परवाना असलेल्या स्त्रिया अवघ्या ११७ होत्या आणि त्यांतल्या ९९ जणींनी नाव दिले. एकमेकींना धरून राहावे, नोकरीत, शिकण्यात आणि अडचणीत हात द्यावा, यासाठी त्यांनी ती केली. उडत राहणे त्यांनी सोडले नाही हे खरेच, पण ती संघटना त्यांनी जमिनीवर बसून, एकमेकींशी बोलून उभी केली. तू बोलतेस का कोणाशी?

आईला तू सांगितलेस की झोप लागत नाही, आणि मला सांगू नकोस म्हणालीस. तिने मला सांगितले. तिच्यावर चिडू नकोस. कोणाकडे जाऊन मन मोकळे केले तर उडण्यासाठी लागणारे मेडिकल सर्टिफिकेट अडकेल, ही तुम्हा वैमानिकांची भीती मला समजते. आमच्याकडेही डोळ्यांच्या तपासणीच्या आधी लोक असेच गप्प होत. जावईबापूंनी मेडिकलच्या अर्जावरच्या सूचना मला वाचून दाखवल्या. त्यांत समुपदेशकाकडे गेल्याची नोंद व्यसनाशी किंवा मानसिक आजाराशी संबंध असेल तरच करायला सांगितली आहे, असे ते म्हणाले. तरीही तू तुझ्या मेडिकल एक्झॅमिनरना स्वतः विचारून घे. एअरलाइनच्या वैमानिकांना त्यांच्या संघटनेतले, यासाठी शिकवून तयार केलेले सहकारी तरी अशा वेळी फोन करतात. तुम्हा खाजगी वैमानिकांना कोण करणार? तुम्हीच एकमेकांना करायचा. तुझ्या फ्रिजवर तो कागद लावलेला आहे ना, आजार, औषधे, ताण, मद्य, थकवा आणि शेवटी भावना, उडण्यापूर्वी या सगळ्यांची स्वतःला विचारणा करायची म्हणून? तो आम्हाला तूच मोठ्या कौतुकाने समजावून सांगितला होतास. शनिवारी सकाळी तो वाचून बघ. बाकी मी काही म्हणत नाही.

खरे तर म्हणतो. चार विमाने जवळजवळ उडणार, काकूंच्या डोक्यावर आली की त्यांतले एक वर निघून जाणार आणि उरलेली तीन सरळ पुढे जाणार. ही मानवंदना फार मोठी आहे आणि काका तिला पात्र आहेत, याबद्दल दुमत नाही. परंतु फॉर्मेशन हे वेगळे शिक्षण आहे, हेही तूच मला सांगितले होतेस. परवाना मिळाला म्हणजे ते येते असे नाही. तू किती सराव केला आहेस ते मला ठाऊक नाही. ज्यांनी केला आहे त्यांना उडू दे आणि तू खाली काकूंजवळ उभी राहा, त्या चौथ्या विमानाने वर झेप घेतली की त्यांचा हात धरायला कोणीतरी लागेल. तुझा हात त्यांच्या ओळखीचा आहे.

लहानपणी तुला जे. आर. डी. टाटा आणि ॲस्पी इंजिनिअर यांची गोष्ट फार आवडायची. १९३० साली आगाखानांच्या बक्षिसासाठी दोघे उलट दिशांनी निघाले होते, एक भारतातून आणि एक इंग्लंडहून. इजिप्तमध्ये ॲस्पीचे विमान स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते, तर जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले, आणि त्याच शर्यतीत ॲस्पी जिंकला. ‘मग टाटांना वाईट नाही वाटले?’ असे तू दर वेळी विचारायचीस आणि मी दर वेळी ‘नाही’ म्हणायचो. ॲस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले, हे सांगेपर्यंत तू झोपलेली असायचीस. तुला पहिल्यांदा एकटीने विमान उडवायला सोडले त्या दिवशीचा, तुमच्या प्रथेप्रमाणे मागून शर्ट कापलेला तुझा फोटो आम्ही देवघराशेजारी लावला आहे. येणाऱ्या प्रत्येक माणसाला तुझी आई तो दाखवते, आणि शर्ट का कापला ते मी सांगतो.

तू उडणे सोडावेस असे मला वाटत नाही. हे दोनदा वाच, कारण काल तुला तसेच ऐकू आले. लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात, हा आकडा तू मला धीर यावा म्हणून सांगितला होतास आणि मीही तो लोकांना सांगत असतो. पुढच्या महिन्यात, तुला झोप लागू लागली की, एखाद्या प्रशिक्षकाला शेजारी बसवून उड. ते प्रशिक्षक हेच असतील तर आणखी चांगले; त्यांनाही कोणीतरी पुन्हा विमानात बोलावले पाहिजे.

काकूंना आमच्या दोघांचे नमस्कार सांग. आईने त्यांच्यासाठी चार ओळी वेगळ्या लिहिल्या आहेत, त्या इंग्रजीत करून दे. तिने लिहिले आहे तेवढेच सांग, वाढवू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद. तू शनिवारी काय ठरवशील ते ठरव, मात्र ठरले की फोन कर. इथे रात्रीचे कितीही वाजलेले असोत, आम्ही जागेच असू.

तुझा,
बाबा

ता. क. प्रशिक्षकांना भेटलीस की कळव. आणि त्या चार विमानांमध्ये नेमके किती फुटांचे अंतर ठेवतात, पुढे कोण असणार आहे आणि त्याने असे उड्डाण पूर्वी केलेले आहे का, हेही लिही. हे आईला सांगू नकोस.