गुरुजी, तुम्ही सोडलेली ती शेवटची बस

कोल्हापूर, जुलै २०१९

गुरुजींना सा. न.

परवा वक्तृत्व स्पर्धेत बोलले. आठ मिनिटं, हातात कागद नाही. विषय तोच, ‘नवे परराष्ट्रमंत्री : पार्श्वभूमी आणि आव्हाने’, म्हणजे एस. जयशंकर. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, म्हणून हे पत्र छापून वाचनालयात तुमच्या नेहमीच्या टेबलावर ठेवणार आहे. पण चार लोकांनीही वाचावं असं वाटलं, म्हणून असं उघड लिहितेय.

विषयाची चिठ्ठी निघाली त्या दिवशीच एका प्राध्यापकांनी सांगितलं होतं, “हा तुझा विषय नव्हे, बदलून महिला बचत गट घे.” मी शिरोळ तालुक्यातली, मराठी माध्यमातली, म्हणून. ज्या क्लासला आईने पीक कर्जातले पैसे काढून भरले, तिथल्या सरांना विचारलं तर त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला. जन्म ९ जानेवारी १९५५, दिल्ली. शिक्षण सेंट स्टीफन्स आणि जेएनयू. १९७७ साली परराष्ट्र सेवेत. पुढे चीन आणि अमेरिकेत राजदूत. पाठ करून झाल्यावरही माझ्याकडे बोलण्यासारखं काहीच नव्हतं. आपल्याच तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे परराष्ट्र सेवेत सचिवपदापर्यंत गेले, हे त्या प्राध्यापकांना कुणीतरी सांगायला हवं. मला त्या वेळी सुचलं नाही.

त्या संध्याकाळी बिंदू चौकाजवळच्या थांब्यावर मी तोच गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. पाऊस मी म्हणत होता. तुम्ही शेजारी येऊन बसलात. वाचनालयात रोज दिसायचात, पण आपलं बोलणं कधी झालं नव्हतं. “काय गं पोरी, तोंड का पाडून बसलीस?” एवढंच विचारलंत. मी सांगत गेले. तुम्ही पिशवीतून फुटाण्यांची पुडी काढलीत, माझ्याच झेरॉक्सचा एक कागद पालथा घातलात आणि त्यावर फुटाणे मांडायला लागलात. हा वॉशिंग्टन, हा बीजिंग, हा मॉस्को, हा तेहरान. मधे गुळाचा खडा. “हे आपण. आता सांग, यातल्या एकाकडे सरकलं की कोण रुसतं?”

मी खडा मॉस्कोकडे सरकवला. तुम्ही म्हणालात, बरोबर, गेल्या ऑक्टोबरमध्ये रशियाशी एस-४०० या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांचा करार केला आणि अमेरिकेच्या निर्बंधांची टांगती तलवार आली. तेहरानकडे सरकवला, तर मे महिन्यापासून इराणचं तेल घ्यायची सवलतच अमेरिकेने बंद केलेली. आणि त्याच अमेरिकेने ५ जूनला आपल्या मालाची व्यापारसवलत काढली, तेव्हा आपणही त्यांच्या २८ वस्तूंवर कर वाढवला. सवलत गेली तेव्हा नव्या मंत्र्यांना खुर्चीवर बसून आठवडाही झाला नव्हता. बीजिंगच्या फुटाण्यावर तर तुम्ही बोट तसंच दाबून धरलंत. २०१७ मध्ये भूतानच्या सीमेवर डोकलामला आपलं आणि चीनचं सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभं होतं, तेव्हा परराष्ट्र सचिव हेच एस. जयशंकर होते. माझ्या गठ्ठ्यात ‘परराष्ट्र सचिव, २०१५ ते २०१८’ अशी एक ओळ होती. त्या ओळीच्या आत हे सगळं आहे, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत, “या माणसाला काय येतं नि काय नवीन आहे?” मी गप्प. तुम्ही आधीच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराजांचं नाव काढलंत. १९७७ मध्ये त्या पंचविसाव्या वर्षी हरियाणात मंत्री झाल्या आणि त्याच वर्षी जयशंकर परराष्ट्र सेवेत लागले. एकीने जन्मभर सभा आणि मतदार सांभाळले, दुसऱ्याने वाटाघाटीचं टेबल. परराष्ट्र सचिव राहिलेला माणूस त्याच खात्याचा कॅबिनेट मंत्री होतोय, असं पहिल्यांदाच घडतंय. त्यांना फाईल कुणी समजावून सांगायला नको. पण परदेशात अडकलेल्या पोराची आई मध्यरात्री सुषमाताईंना ट्विटरवर हाक मारायची नि उत्तर यायचं, ती सवय लोकांना लागलीय. “तेही त्यांनाच निभवायचंय,” तुम्ही म्हणालात. माझ्या भाषणाचा कणा तिथे, त्या ओल्या बाकड्यावर तयार झाला.

तेवढ्यात तुमची बस आली. तुम्ही उठलात, एक पाय पायरीवर ठेवलात आणि मागे वळून म्हणालात, “आता सगळं एकदा सलग बोलून दाखव.” मी म्हटलं, गुरुजी, बस. तुम्ही कंडक्टरला हाताने ‘जाऊ दे’ अशी खूण केलीत आणि परत येऊन बसलात. “दुसरी येईल की.” मी अडखळत बोलले, दोनदा थांबले. तुम्ही मधे एकदाही टोकलं नाहीत, फक्त फुटाण्यांचा कागद भिजू नये म्हणून त्यावर छत्री धरून बसलात. स्वतः भिजत.

दुसरी बस नव्हतीच. वाचनालयातले शिपाईमामा मला चार दिवसांनी बोलले, की त्या रात्री तुम्ही शिवाजी पूल ओलांडून गावापर्यंत चालत गेलात. ऐकून मला तिथेच रडू आलं. आजवर मला शिकवायचे पैसे घेतलेल्यांपैकी कुणी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही, गुरुजी. तुमचं माझं नातं काय, तर एका वाचनालयातली दोन टेबलं. अशी माणसं या गावात अजून आहेत म्हणून आमच्यासारख्या पोरी एस.टी.ने रोज इथे येतात आणि टिकतात.

स्पर्धेत एका परीक्षकांनी विचारलं, “या सगळ्याचा शिरोळच्या शेतकऱ्याशी काय संबंध?” मला खडा आठवला. म्हटलं, सर, गुळाचा आणि साखरेचा संबंध आहे. उसाचा हमी दर आणि साखरेच्या निर्यातीचं अनुदान यावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेत आपल्याविरुद्ध तक्रार केलीय. खातं वाणिज्य मंत्रालयाचं असेल, पण या देशांशी संबंध राखायचे ते परराष्ट्रमंत्र्यांनीच, आणि आमच्या घरचं उसाचं बिल त्यात अडकलेलं आहे. सभागृह शांत झालं. मागे आई बसली होती, तिने पदर तोंडाला लावला.

नंबर तिसरा आला. शनिवारी संध्याकाळी पेढे घेऊन येते, फुटाणे मी आणीन. तुमच्या शेवटच्या बसची वेळ डेपोत जाऊन विचारून ठेवलीय. दहा मिनिटं आधी उठायचं, आणि तुम्ही बसमध्ये चढल्याशिवाय मी थांब्यावरून हलणार नाही.

तुमची,
थांब्यावरची पोरगी