गृहमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या आक्काची नखं कुठं सडली?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सा. न. वि. वि.

काल माझ्या आक्काचा सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीचा अहवाल, आला. कामाची ओळ एकच : नमुना कुजल्याने डीएनए मिळाला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सासरच्या विहिरीत सापडली. पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरांनी व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला, दहाही बोटांची नखं कापून घेतली. झटापट झाली असेल तर समोरच्याची कातडी नखात राहते, म्हणाले. आम्ही त्या नखांवर विसंबलो. तेराव्याला सरकारातले एक नेते घरी आले, मायच्या पाया पडून 'तीन महिन्यांत रिपोर्ट' म्हणून गेले. फोटो छान आलाय.

मी बैलजोडी विकून वकील केला. पोलीस ठाण्याच्या २२ चकरा झाल्या, जास्तच असतील. दर वेळी उत्तर एकच, 'पाठवलंय.' पाठवलं नव्हतंच. नखं १८७ दिवस मुद्देमालाच्या कपाटात, ओलीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ओला नमुना सुकवून कागदी लखोट्यात ठेवायचा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते, हे आता मला बारावी नापासालाही कळतं. ठाण्यात फ्रीज आहे. त्यात साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या असतात.

सुप्रीम कोर्टानं १५ जुलै २०२५ ला, आक्का जायच्या महिनाभर आधीच, सांगितलं होतं : डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, उशीर झाला तर कारण लिहा, कुणाच्या हातून कुणाकडं गेला याची नोंदवही ठेवा. ती नोंदवही मागितली तर 'तू वकील का?' मग म्हणे पूर होता, बंदोबस्त होता, गाडी नव्हती. पूर होता, खरंय. आमचं सोयाबीनही त्यातच गेलं. पण १८७ दिवस पूर?

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस जागेवर आलाच पाहिजे. मात्र हे लागू करायला राज्यांना पाच वर्षांची सवलत. मारणाऱ्याला अशी काही अडचण नसते.

२०२३ ला मंत्रिमंडळ मराठवाड्यात आलं, ४५ हजार कोटींच्या वर घोषणा झाल्या. मुक्तिसंग्राम दिनाला दरवर्षी नवं काहीतरी असतंच. त्यातून आमच्या ठाण्याला एक कागदी लखोटा आला नाही. आक्का पुण्या-मुंबईची असती तर?

चौकशी लावाल, एखाद्या हवालदाराची बदली कराल. करा. माझं मागणं दोनच : नोंदवहीची नक्कल नातेवाइकांना मिळू द्या, आणि उरलेली नखं तपासाला लागणार नसतील तर कोर्टाच्या परवानगीनं परत द्या. माय म्हणते, लेकीला अर्धवट जाळलं, तेवढी गोदावरीत सोडून ये.