अबू सिंबेलहून परतताना

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर जे झालं त्याबद्दल लिहिणार नाही असं आईला कबूल केलंय, त्यामुळे शुगरचा विषय या पत्रात नाही. बसमध्येच टाइप करतोय, इजिप्तमधलं अबू सिंबेलचं देऊळ बघून आस्वानला परत निघालोय, जवळजवळ २८० किलोमीटर, दोन्हीकडे नुसतं वाळवंट आणि लांब पाणी दिसतं ते पाणी नसतंच. पहाटे चारला निघालो होतो. हॉटेलच्या डब्यात पाव, पाव आणि जॅम, मग आईनं चकल्या काढल्या.

काल रात्री अकराला बघितलं तर तू ऑनलाइन. म्हणजे तिकडे अडीच. अडीचला जागा असलेला माणूस काहीतरी खातोच. असो.

तू म्हणालेलास फोटोत बघितलंय सगळं, पण फोटोत काही कळत नाही रे. आधी डोंगराच्या पाठीमागून चालत जायचं, समोर नासर तलाव, आणि वळलं की एकदम रामसेस राजाचे चार पुतळे बसलेले, एकेक वीस मीटर, म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या गच्चीएवढा. त्यातल्या एकाचं वरचं धड जुन्या भूकंपात पडलंय, डोकं पायाशी लोळतंय. आस्वानच्या धरणाच्या पाण्यात बुडू नये म्हणून १९६४ ते ६८ मध्ये हे अख्खं देऊळ करवतीनं कापून, हजारावर तुकडे करून, ६५ मीटर वर नेऊन परत जोडलं. मागचा डोंगरसुद्धा खोटा, आत काँक्रीटचा घुमट आहे. आणि ते पडलेलं डोकं होतं तसंच पडलेलं ठेवलं, बसवलं नाही. हे मला फार आवडलं.

गाइडची आजी न्युबियन, म्हणजे इथल्या नाईलकाठची मूळची. त्यांची गावं त्याच पाण्यात गेली, पन्नासेक हजार लोक कोम ओम्बोकडे हलवले. देवळासाठी युनेस्कोनं जगभरातून पैसे गोळा केले ना, मग मला आबाच आठवले. कोयनेचं पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी घराचे वासे, दारं उतरवून गाडीत घातली, देवीची मूर्ती मांडीवर घेतली, देऊळ मात्र तिथंच राहिलं. मी लहान होतो, मला फक्त गाडीचा आवाज आठवतो. एवढं सगळं सोसलेला माणूस, पण शेवटी कशानं गेला तर पायाच्या एका जखमेनं. ‘काय होतंय, भरून येईल’ म्हणायचे. तू परवा अगदी त्याच सुरात म्हणालास, काय होतंय बाबा.

गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत. २२ फेब्रुवारीला आणि २२ ऑक्टोबरला सकाळचं ऊन थेट आत येऊन तिघांवर पडतं, चौथा प्ता, अंधाराशी नातं असलेला देव, तो सावलीत राहतो. हलवताना इंजिनिअर लोकांनी हे ऊनसुद्धा सांभाळलं. हजारो टन दगड उचलून लोक एवढी काळजी घेतात आणि तुला साधं लॅबमध्ये जायला शनिवार मिळत नाही? तुझ्या वयात मी सायकलवर जायचो, बाहेरचं खाणं म्हणजे वर्षातून... झालं लेक्चर सुरू. सॉरी. तुला ऑफिसचं टेन्शन आहे ते कळतं मला.

शेजारच्या नेफरतारीच्या देवळात राणीचे पुतळे राजाच्या बरोबरीच्या उंचीचे आहेत. आई म्हणाली बघा, शिका काहीतरी. मी म्हटलं त्याला आणखी बऱ्याच बायका होत्या. त्यानंतर आस्वानपर्यंत माझ्याशी बोलणार नाही असं दिसतंय. गुडघ्याला पट्टा लावून सगळं चालली पण, आणि ग्रुपमध्ये प्रत्येकाला सांगून झालंय की मुलानं बोनसमधून पाठवलं. मी सांगत नाही. टूर मॅनेजरला सांगितलं फक्त, आणि त्या नागपूरच्या जोडप्याला.

घरी परीटाचे कपडे आले असतील ते काकूंकडून घे. एअरपोर्टवर येऊ नकोस, विमान पहाटेचं आहे, झोप. आम्ही टॅक्सी करू. रिपोर्ट आला की मला पाठव, आईच्या फोनवर नको, ती फॅमिली ग्रुपवर टाकेल.

तुझा,
बाबा

ता.क. तीन महिन्यांच्या शुगरच्या टेस्टला उपाशी लागत नाही, फास्टिंगला लागतं. सकाळी उपाशीच जा, दोन्ही एकदमच देऊन टाक.